साके कशी निवडावी, कशी प्यावी, कशाबरोबर खावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला कामासाठी गेलेले, तिथे राहणारे किंवा नुसतं फिरून आलेले, साकेबद्दल सगळ्यांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एक मात्र आधीच सांगून ठेवतो. साके ही जपानची तांदळाची दारू, आणि ती ताटाशेजारी ठेवायची आहे. "प्यायलो बुवा, पण विशेष काही वाटलं नाही" असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी ती रिकाम्या पोटी, शॉटसारखी घशात ओतलेली असते.

साके म्हणजे तांदळाची वाइन का?

नाही. द्राक्षात साखर आयती असते, यीस्टने ती खाल्ली की झाली वाइन. तांदळात असतो स्टार्च, आणि तो यीस्टला खाता येत नाही. बिअरमध्ये मोड आणलेले जव आधी स्टार्चची साखर करून देतात आणि मग आंबवण सुरू होतं. साकेत ही दोन्ही कामं एकाच टाकीत, एकाच वेळी चालतात: एकीकडे कोजी नावाची बुरशी थोडी थोडी साखर करत असते, दुसरीकडे यीस्ट ती लगेच संपवत असतं. त्यामुळे ऊर्ध्वपातन न करताही अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास पोचतं. मग पाणी घालून ते साधारण १५-१६ टक्क्यांवर आणतात. पाणी न घातलेलीला गेन्शू म्हणतात, ती जरा जपून.

साके 'कडक' असते हा समज बहुधा शोचूशी गल्लत झाल्यामुळे पसरला असावा. शोचू ऊर्ध्वपातित असते, तिचं घराणं वेगळं. जपानमधल्या मेनूकार्डवर मात्र 'निहोंशू' हा शब्द शोधा, कारण तिथे 'साके' कुठल्याही दारूला म्हणतात.

कोजी, कोजी म्हणतात ते काय?

सगळा जीव त्यातच आहे. आस्परजिलस ओरायझी ही ती बुरशी. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) आणि सोया सॉसही कोजीच्याच जोरावर होतात. २००६ साली जपानच्या मद्यनिर्मितीशास्त्राच्या संस्थेने तिला 'राष्ट्रीय बुरशी' म्हणून जाहीर केलं.

साके मुख्यतः हिवाळ्यात बनते. बाहेर बर्फ असताना कारखान्यातली एक खोली मात्र तीस अंशांच्या वर तापवलेली असते. तिच्या भिंती बहुतेक वेळा लाकडी असतात. आत लांबलचक टेबलावर वाफवलेला तांदूळ पसरतात आणि डबीतून हिरवट बीजाणूंची धूळ त्यावर भुरभुरतात, इतकी बारीक की हवेत तरंगत खाली येते. मग दोन दिवस ढिगारे करायचे, मोडायचे, उलटायचे, तापमान बघायचं, आणि हे रात्रीसुद्धा. शेवटी प्रत्येक दाण्यावर पांढरे ठिपके दिसतात, खोलीत भाजलेल्या चेस्टनटसारखा वास येतो आणि दाणा चावला तर गोड लागतो. इथे बुरशी कमी-जास्त वाढली तर पुढे कितीही कसब दाखवा, उपयोग नाही.

कारखाना बघायला जाणार असाल तर त्या दिवशी सकाळी नात्तो (आंबवलेले चिकट सोयाबीन) खाऊ नका. नात्तोतले जिवाणू चिवट असतात आणि ते कोजीच्या खोलीत शिरले तर घात करतात. तिथे काम करणारे लोक तर मोसम संपेपर्यंत नात्तोला शिवत नाहीत.

कोजीनंतर यीस्टचं विरजण तयार होतं. जुन्या किमोतो पद्धतीत त्यासाठी लागणारं लॅक्टिक आम्ल हवेतले, खोलीतले जिवाणूच बनवतात, त्याला सुमारे महिना जातो. त्यात तांदूळ काठ्यांनी घोटण्याचं कष्टाचं काम असे. ते वगळून १९०९ मध्ये यामाहाई पद्धत आली, आणि १९१० मध्ये तयार लॅक्टिक आम्ल घालायची सोय निघाली. आज बहुतेक साके या शेवटच्या झटपट पद्धतीने होते. पण लेबलवर किमोतो किंवा यामाहाई दिसलं तर समजा, आंबटपणा आणि दम जास्त असणार. जेवणाशी बोलणारी साके हीच, असं माझं मत.

कोजी वापरून मद्य बनवण्याचं हे पारंपरिक ज्ञान डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं.

लेबलवरचे जुन्माई, गिंजो, दाइगिंजो वगैरे शब्द कसे वाचायचे?

दोनच गोष्टी बघायच्या: तांदूळ किती घासला आणि वरून अल्कोहोल घातलं का. घासल्यावर दाण्याचा ६० टक्के किंवा त्याहून कमी भाग उरला असेल तर गिंजो. ५० टक्के किंवा कमी उरला तर दाइगिंजो. होन्जोझोला ७० टक्क्यांची मर्यादा आहे. नावात 'जुन्माई' असेल तर तांदूळ, कोजी, पाणी आणि यीस्ट यांपलीकडे काही नाही. नुसत्या जुन्माईला घासण्याची अट २००४ पासून उरलेली नाही. यांपैकी कशातच न बसणारी ती फुत्सूशू, म्हणजे रोजची साधी साके.

जितकी जास्त घासलेली, तितकी चांगली ना?

जितकी जास्त घासलेली, तितकी महाग. एवढंच खात्रीने सांगता येतं.

दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रथिनं आणि चरबी असते. ती काढली की चव स्वच्छ होते, आणि थंड तापमानाला हळूहळू आंबवलं की केळ्या-सफरचंदासारखे वास उठतात. यामागुची प्रांतातला दास्साई हा ब्रँड दाण्याचा २३ टक्केच भाग उरेपर्यंत घासलेल्या तांदळाची साके विकतो. त्या तांदळाचे दाणे बघितले तर साबुदाणा वाटावा. ती सुंदर असते यात वाद नाही. पण जी प्रथिनं घासून टाकली, त्यांच्यातूनच जेवणाला साथ देणारी भरीव चव येते. भेट द्यायला दाइगिंजो घ्या, जेवायला बसताना जुन्माई घ्या.

वरून अल्कोहोल घालतात म्हणजे भेसळच नाही का?

या शंकेला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर तांदळाचा तुटवडा होता. तेव्हा अल्कोहोल, ग्लुकोज, आम्लं घालून साकेचं प्रमाण तिप्पट करत. ती पद्धत टंचाई संपल्यावरही बरीच वर्षं रेंगाळली आणि साकेचं नाव तिने पुष्कळ खराब केलं.

होन्जोझोतली गोष्ट वेगळी. तिथे घालायचं अल्कोहोल तांदळाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि ते गाळण्याआधी घालतात, म्हणजे रवाळ लगद्यात अडकलेला सुगंध सुटून साकेत उतरतो. शेवट हलका होतो. स्पर्धेत उतरणाऱ्या कित्येक दाइगिंजोमध्येही ते घातलेलं असतं. 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' असा वाद हौशी लोक फार घालतात. होन्जोझो पिऊन बघा आणि मग ठरवा.

गोड कोणती, कोरडी कोणती?

बाटलीमागे 'निहोंशूदो' नावाचा आकडा असतो. अधिक असेल तर कोरडेपणाकडे, म्हणजे गोडी कमी, उणे असेल तर गोडीकडे. पण आकड्यावर फार विसंबू नका. आम्लता जास्त असेल तर गोड साकेही कोरडी भासते. दुकानात कोरडीला 'काराकुची' आणि गोडीला 'आमाकुची' म्हणा, काम होतं.

साके गरम प्यायची की गार?

दोन्ही. दुसरी क्वचितच एखादी दारू पाच अंशांपासून पंचावन्न अंशांपर्यंत चालते. जपानीत यातल्या प्रत्येक टप्प्याला नाव आहे: ५ अंशांना 'बर्फाचा गारवा', १० ला 'फुलांचा गारवा', ३० ला 'उन्हाची ऊब', ३५ ला 'माणसाच्या अंगाची ऊब', मग ४० ला नुरुकान, ४५ ला जोकान आणि ५० ला आत्सुकान.

वाईट साके लपवायला गरम करतात, असं अनेक पर्यटक छातीठोकपणे सांगतात. अर्धसत्य आहे. स्वस्त साके चटके बसतील इतकी गरम करून देणारी दुकानं आहेतच. पण चांगली यामाहाई जुन्माई ४५ अंशांवर आणली की जी गोडी आणि भरीवपणा फुलतो, तो गार साकेत दडून राहतो. गिंजो आणि दाइगिंजो मात्र गारच प्या, कारण गरम केल्यावर त्यांचा नाजूक सुगंध वाफेबरोबर जातो. तेही फ्रिजमधून काढल्या काढल्या नको, दहा मिनिटं थांबा.

एकच बाटली तीन तापमानांना पिऊन बघणं हा साके समजून घ्यायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

घरी गरम कशी करायची?

थेट आचेवर नाही. तोक्कुरी, म्हणजे बारीक मानेची चिनी मातीची सुरई, काठाच्या जरा खालपर्यंत भरा, कारण तापल्यावर साके फुगते. पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा आणि तोक्कुरी खांद्यापर्यंत बुडवा. दोन-तीन मिनिटांत मानेतली साके किंचित वर चढलेली दिसेल. बाहेर काढून तळाला बोट लावा: नुसतं कोमट लागलं तर नुरुकानच्या आसपास, "हां, गरम आहे" असं वाटलं तर जोकान, बोट लगेच मागे घ्यावंसं वाटलं तर आत्सुकान. तोक्कुरी नसेल तर लहान चहाची किटली किंवा जाड काचेचं भांडंही चालतं. मायक्रोवेव्हमध्ये वरचा भाग कढत आणि खालचा गार राहतो; तोच वापरायचा असेल तर मध्येच काढून ढवळा.

प्यायला कोणतं भांडं घ्यावं?

गरम साकेला छोटा ओचोको, सुगंधी गिंजोला वाइनचा ग्लास. मासू नावाची लाकडी चौकोनी पेटी मुळात धान्य मोजायचं माप, तिच्यात एक गो, म्हणजे १८० मिली मावते. कित्येक इझाकायांत (खाणं-पिणं दोन्ही मिळणाऱ्या जपानी बारांत) मासूत ग्लास ठेवून साके मुद्दाम सांडेपर्यंत ओततात. बावरू नका: ग्लास न उचलता वाकून पहिला घोट घ्यायचा, मग ग्लास उचलायचा, आणि मासूत सांडलेली नंतर ग्लासात ओतून घ्यायची.

पांढऱ्या कपाच्या तळाशी दोन निळी वर्तुळं दिसली तर तो परीक्षकांचा कप. पांढऱ्यावर रंग कळतो, निळ्याच्या कडेवर गढूळपणा. सर्वच साके पाण्यासारखी पारदर्शक नसते. फिकट पिवळसर झाक हा दोष नाही, जुनवलेली कोशू तर मधाच्या रंगाची असते.

कोणत्या पदार्थाबरोबर कोणती साके?

साकेत वाइनपेक्षा अमिनो आम्लं बरीच जास्त असतात, म्हणजे सोया सॉस, मिसो, दाशी (सुका मासा किंवा समुद्री शेवाळ यांचं काढलेलं सार), सुका मासा यांच्यात जी उमामी, म्हणजे भरीव खमंग चव, असते तीच इथेही आहे. वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडलं की तोंडात उग्र हिवस वास उरतो. साकेत लोह जवळपास नसतंच, कारण त्याने रंग आणि वास बिघडतो म्हणून कारखाने पाणी निवडतानाच ते टाळतात. त्यामुळे मासळीबरोबर साके सहसा दगा देत नाही.

सोपा नियम असा: हलक्याला हलकी, जडाला जड. पांढऱ्या माशाची साशिमी (कच्च्या माशाचे काप), ताजा तोफू, मीठ लावलेलं काकडीचं लोणचं यांच्याबरोबर नीगाता प्रांताची कोरडी, स्वच्छ होन्जोझो. मीठ लावून भाजलेल्या याकितोरीबरोबरही (काडीला लावून भाजलेलं चिकन) तीच. पण याकितोरी गोडसर तारे सॉसमधली असेल, किंवा भाजलेली ईल असेल, तर जुन्माई घ्या आणि कोमट करा. ओदेनच्या, म्हणजे दाशीत मंद शिजवलेल्या पदार्थांच्या, कढईतला दाशी प्यायलेला मुळ्याचा तुकडा आणि नुरुकान ही हिवाळ्यातली जोडी मी कुठल्याही महागड्या जेवणापुढे ठेवायला तयार आहे. मुळा दातांखाली फुटतो, गरम दाशी तोंडभर होते, आणि वरून तितक्याच उबेची साके आली की कुठे दाशी संपली आणि कुठे साके सुरू झाली ते कळत नाही.

चक्रावलात तर भूगोल बघा. जपानच्या कोची प्रांतात कात्सुओ (बोनिटो) मासा पेंढ्याच्या जाळावर वरवर शेकून लसणाबरोबर खातात, आणि तिथली साके खणखणीत कोरडी असते. हिरोशिमात ऑयस्टर पिकतात आणि मऊ पाण्याची गोलसर साके होते. कोबेजवळच्या नादाचं पाणी खनिजयुक्त, म्हणून तिथली साके ताठ. क्योतोतल्या फुशिमीचं पाणी मऊ, तिथली साके तोफू आणि भाज्यांच्या सौम्य जेवणाला शोभणारी.

ऋतूही बघावा. हिवाळ्याअखेरची ताजी, पाश्चरीकरण न केलेली नामाझाके वसंतातल्या कडसर रानभाज्यांच्या तेंपुराबरोबर (पातळ पिठात बुडवून तळलेला प्रकार). वसंतात एकदाच तापवून उन्हाळाभर मुरवलेली हियाओरोशी शरदात बाहेर येते, तेव्हाच सान्मा मासाही येतो: भाजलेला सान्मा, किसलेला मुळा, पुढे हियाओरोशी.

शेवटी एक अनपेक्षित जोडी: कोशू आणि ब्लू चीज. व्हॅनिला आइस्क्रीमवर चमचाभर कोशूही ओतून बघा.

सुशीबरोबर साके चालते ना?

भातावर तांदळाची दारू नको, असं मानणारे काही जुने जपानी रसिक आहेत. ते साशिमीबरोबर साके घेतात आणि सुशी सुरू झाली की चहावर येतात. मला स्वतःला सुशीबरोबर थोडी कोरडी साके आवडते. फक्त वासाची दाइगिंजो नको, माशाची चव तिच्याखाली गुदमरते.

मी शाकाहारी आहे. माझं काय?

चवीच्या दृष्टीने काहीच अडचण नाही. एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), मिसो लावून भाजलेलं वांगं, भाज्यांचा तेंपुरा, कोंबू या समुद्री शेवाळाच्या पाण्यात उकळलेला तोफू, म्हणजे युदोफू, हे सगळं साकेसाठीच जन्मलेलं आहे. अडचण दाशीची आहे. आगेदाशी तोफूसारख्या निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थाच्या रसातही बहुधा सुक्या कात्सुओचा अर्क असतो. "मासा, मांस नको" एवढं सांगून भागत नाही. दाशीबद्दल वेगळं विचारा.

आपल्या मराठी जेवणाबरोबर जमते का?

काहींबरोबर झकास, काहींबरोबर मुळीच नाही. रवा लावून तळलेली सुरमई किंवा कुरकुरीत बोंबील आणि गार होन्जोझो यात चुकण्यासारखं काही नाही. शेंगदाण्याचं कूट घातलेली, गोडा मसाल्याची भरली वांगी कोमट जुन्माईबरोबर घ्या. खमंगपणाला खमंगपणा भेटतो. तांबडा रस्सा मात्र सोडून द्या. अल्कोहोल मिरचीचा जाळ वाढवतं आणि साकेची चव सापडतच नाही. तिखटाशिवाय चालतच नसेल तर निगोरी घ्या, म्हणजे भरड गाळलेली, दुधाळ, गोडसर साके. तिची गोडी तिखट सांभाळून घेते.

टेबलावरचे रिवाज कोणते?

आपला कप आपण भरत नाहीत. शेजाऱ्याचा भरायचा, तो आपला भरतो. वडीलधाऱ्यांना किंवा साहेबांना ओतताना तोक्कुरी दोन्ही हातांनी धरा आणि आपल्याला ओतत असतील तेव्हा कप उचलून पुढे धरा. सगळ्यांचे कप भरेपर्यंत थांबा, मग "कानपाई". आता आणखी नको असेल तर कप भरलेलाच राहू द्या; रिकामा दिसला की कोणीतरी भरणारच. जपानमध्ये प्यायचं वय २० आहे. पिऊन गाडी चालवणाऱ्यालाच नव्हे, त्याच्या गाडीत जाणून-बुजून बसणाऱ्यालाही शिक्षा होऊ शकते.

दुसऱ्या दिवशी डोकं फार धरतं, असं ऐकलंय.

एक गो साकेत साधारण २० ग्रॅमच्या वर शुद्ध अल्कोहोल असतं. छोट्या कपांमुळे मोजदाद राहत नाही, खरी मेख तिथे आहे. चांगल्या दुकानात साकेबरोबर पाण्याचा ग्लास न मागता येतो. घोटाला घोट पाणी प्या.

बाटली किती दिवस टिकते?

साकेला 'अमुक तारखेपर्यंत' अशी मुदत छापलेली नसते, पण वाइनसारखी वर्षानुवर्षं जपून ठेवायचीही ती नव्हे. उजेड आणि उष्णता हे दोन शत्रू. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली बाटली बिघडायला वेळ लागत नाही. नामाझाके फ्रिजमध्येच. उघडल्यावर फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि आठवड्या-दोन आठवड्यांत संपवा. उरलीच तर स्वयंपाकात वापरा, मासा मुरवायला फार छान.

बघायला कुठे जावं?

वेळ कमी असेल तर हिरोशिमाजवळचं साइजो. स्टेशनवरून चालत जाण्याच्या अंतरात विटांच्या उंच धुराड्यांचे कारखाने ओळीने आहेत आणि ऑक्टोबरमध्ये तिथे साकेचा मोठा उत्सव भरतो. क्योतोत असाल तर फुशिमी, ओसाका-कोबेत असाल तर नादा. दोन्हीकडे जुन्या कारखान्यांची संग्रहालयं आहेत. दारावर सुगी या जपानी सूचिपर्णी झाडाच्या पानांचा मोठा गोळा टांगलेला दिसेल, तो सुगिदामा. नवी साके गाळली की हिरवा गोळा टांगतात. तो तपकिरी पडत गेला की आतली साके मुरत आली असं समजायचं.

मी पीत नाही, पण चव तरी कळावी असं वाटतं.

आमाझाके मागा. कोजी आणि भात उबेत ठेवून केलेलं दाट, गोड पेय. साखर घातलेली नसते, सगळी गोडी कोजीची. मात्र ती दोन प्रकारची मिळते. साकेच्या चोथ्यापासून केलेलीत थोडं अल्कोहोल असू शकतं, म्हणून "कोजीची आमाझाके" असं स्पष्ट सांगा. हिवाळ्यात आलं किसून घालून गरम देतात, उन्हाळ्यात गार.